डीफ्रॅग चालू असताना लाईट गेली तर सगळ्या फाईली जातात का? तुमच्या टिपेबद्दल थोडं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या मागच्या रविवारच्या पुरवणीत शेवटच्या पानावर कॉम्प्युटरची काळजी कशी घ्यावी म्हणून एक चौकट आली होती, त्यात पाचवी की सहावी टीप अशी होती की डिस्क डीफ्रॅग (म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाईलींचे तुकडे शेजारी शेजारी लावायचं काम) कधीच करू नका, मधेच लाईट गेली किंवा मशीन हँग झालं तर सगळ्या फाईली करप्ट होतात, विंडोजमध्ये ते आपोआप चालू असतं ते आधी बंद करा. चौकटीखाली लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं म्हणून थेट तुम्हालाच लिहितोय. मी करमाळ्यात कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान चालवतो, बावीस-तेवीस वर्षं झाली, आणि सोमवारी सकाळी शटर वर करून झाडू मारतोय तोवर पहिला माणूस त्या चौकटीचा मोबाईलवर फोटो काढून हजर. मंगळवारपर्यंत पाच-सहा जण झाले. त्यातल्या एका सरांनी तर स्वतःच्या नव्या लॅपटॉपवर ते शेड्यूल बंद करूनसुद्धा टाकलं होतं आणि वर विचारत होते की आता शाळेच्या लॅबमधल्या वीस मशीनवर पण करून टाकू ना. म्हटलं सर जरा थांबा, आधी पेपरवाल्यांना पत्र लिहितो.

टीप खोटी आहे असं मी म्हणणार नाही, ती शिळी आहे. एके काळी ती अगदी खरी होती आणि तेव्हा मी तिचा मार खाल्लाय, म्हणून आधी तेच सांगतो.

२००५ चा उन्हाळा. भारनियमनाचे ते दिवस तुमच्या वाचकांना आठवत असतील, कुठल्या फीडरची लाईट किती वाजता जाणार त्याचं टाईमटेबल दुकानाच्या भिंतीवर चिकटवलेलं असायचं आणि लाईट मात्र ते टाईमटेबल न वाचताच जायची. तेव्हा रिपेअरिंगबरोबर डीटीपी पण करायचो, लग्नपत्रिका, श्रद्धांजल्या, वाढदिवसाच्या जाहिराती असलं सगळं. मशीनवर विंडोज ९८, डिस्क २० जीबीची आणि ती जवळजवळ भरलेली, लग्नसराईचे दिवस, आणि मशीन इतकं स्लो झालेलं की पेजमेकर, म्हणजे पानं जुळवायचा प्रोग्रॅम, उघडायला टाकायचा आणि समोर जाऊन चहा पिऊन यायचं. कोणीतरी म्हणालं डीफ्रॅग मार, पळायला लागेल. चारला लाईट जाणार होती म्हणून मी दीडला लावलं, म्हटलं अडीच तास भरपूर झाले. ज्यांनी ते बघितलंय त्यांना तो पडदा आठवेल, छोट्या छोट्या रंगीत चौकोनांचा, एकेक चौकोन इकडून उचलून तिकडे ठेवला जातोय, माणूस तासन् तास बघत बसायचा त्याच्याकडे. पण दहा टक्क्यांवर गेलं की मागे कुठलातरी प्रोग्रॅम डिस्कवर काहीतरी लिहायचा आणि मग मेसेज यायचा की ड्राइव्हमधला मजकूर बदललाय, पुन्हा सुरू करतोय, की झालं, परत शून्य. असं तीनदा झालं. चौथ्यांदा चाळीसच्या पुढे गेलं आणि तीन चाळीसला लाईट गेली. यूपीएस होता हो. बॅटरीपण होती त्यात, पण फुगून डब्याला चिकटलेली.

लाईट आल्यावर तो निळा स्कॅनडिस्कचा, म्हणजे डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅमचा पडदा, त्यावर लिहिलेलं की विंडोज नीट बंद केलं नाही म्हणून डिस्कमध्ये चुका असू शकतात, पुन्हा हा मेसेज नको असेल तर नेहमी स्टार्ट मेनूतून शट डाऊन करत जा. जसं काही लाईट मीच घालवली होती. मग त्याने विचारलं की डिस्कवर बेवारशी तुकडे सापडलेत, फाईली करून ठेवू का, मी हो म्हटलं आणि सी ड्राइव्हमध्ये फाईल०००० डॉट सीएचके, फाईल०००१ डॉट सीएचके अशी रांग लागली, शंभराच्या वर, कुठली कशाची काही पत्ता नाही. बऱ्याचशा पत्रिका उघडेनात. पण खरी कमाल केली एका फोटोने.

तेव्हा मी फोटो स्कॅन करून बीएमपीमध्ये सेव्ह करायचो, जेपीजीने छपाई बिघडते अशी माझी समजूत होती, आणि सगळे फोटो एकाच मापात स्कॅन करायचो म्हणजे नंतर लावायला सोपे. तर एका नवरदेवाचा फोटो उघडला, खाली त्याचा कोट, टाय, कोटाच्या खिशाला गुलाब, सगळं ठाकठीक, आणि टायच्या गाठीपासून वर दुसऱ्याच एका आजोबांचा चेहरा, फेटा, पांढऱ्या मिशा, थोडा डावीकडे सरकलेला. ते आजोबा म्हणजे आदल्याच आठवड्यात केलेल्या प्रथम पुण्यस्मरणाच्या जाहिरातीतले. मी घाबरलोच, आणि दुकानातला पोरगा हसून हसून खाली बसला. नंतर कळलं की बीएमपी फाईल फोटोच्या तळापासून वर अशी लिहिलेली असते, त्यामुळे फाईलचा पुढचा भाग शाबूत आणि मागचा दुसऱ्या फाईलमध्ये घुसलेला असेल तर फोटोचा तळ शाबूत राहतो आणि डोकं बदलतं. याला क्रॉसलिंक म्हणतात, दोन फाईली डिस्कवरच्या एकाच जागेवर हक्क सांगतात, आपल्याकडे एका गुंठ्याचे दोन सातबारे निघतात तसं.

आता हे का झालं ते सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. फाईल डिस्कवर सलग एका जागी असेलच असं नाही, जिथे मोकळी जागा मिळेल तिथे तुकड्या-तुकड्याने ठेवली जाते, आणि कुठला तुकडा कुठे आहे याची एक वही असते. हार्डडिस्कमध्ये थाळी फिरत असते, मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला साधारण ८.३ मिलीसेकंद, त्यात ते वाचणारं हेड इकडून तिकडे पळवायचं, त्यामुळे तुकडे जितके जास्त तितका वेळ जास्त. डीफ्रॅग काय करतं तर ते तुकडे उचलून शेजारी शेजारी लावतं. मार्केट यार्डातल्या गोडाऊनमध्ये एकाच व्यापाऱ्याची पोती चार कोपऱ्यांत पडलीत ती एका थप्पीला लावायची, आणि प्रत्येक पोतं हललं की वहीत जागा बदलायची. धोका पोतं हलवण्यात कमी असतो, वही बदलण्यात जास्त.

विंडोज ९८ ची फाईलींच्या नोंदी ठेवायची जी फॅट पद्धत होती तिच्यात ही वही म्हणजे नुसती खतावणी होती. खतावणीच्या दोन प्रती ठेवायचे, म्हणजे एक खराब झाली तर दुसरी. पण लाईट पहिल्या प्रतीत लिहून झाल्यावर आणि दुसरीत लिहायच्या आधी गेली तर? दोन प्रती दोन गोष्टी सांगणार आणि खरी कुठली हे कोणालाच माहिती नाही. त्यात भर म्हणजे फाईल कुठून सुरू होते ते फोल्डरच्या नोंदीत वेगळं लिहायचं, आणि विंडोज यातलं काही मेमरीत साठवून सवडीने डिस्कवर उतरवायचं, त्यामुळे कुठली नोंद आधी उतरली कुठली नंतर त्याचा भरवसा नाही. डॉस ६ मध्ये १९९३ साली पहिल्यांदा मायक्रोसॉफ्टने डीफ्रॅग दिलं, ते सिमँटेककडून घेतलेलं होतं, आणि तिथून विंडोज एमईपर्यंत सगळा संसार या फॅटवरच चालला. तेव्हा डीफ्रॅग लावायच्या आधी स्कॅनडिस्क मार, बॅकअप घे, लाईट बघ, हे जे जुने लोक सांगायचे ते बरोबरच सांगायचे.

फॅटच्या जागी जी एनटीएफएस पद्धत आली तिच्यात खतावणीच्या आधी रोजकीर्द आली. ही पद्धत तशी १९९३ पासूनची, विंडोज एनटीबरोबर आलेली, पण आपल्या दुकानात-घरात ती पोचली एक्सपीपासून, म्हणजे २००१ नंतर, आणि आपल्या भागात तर त्याच्याही नंतर. ज्यांनी मुनीमजींच्या हाताखाली काम केलंय त्यांना हे सांगावं लागणार नाही, आधी कीर्दीत नोंद करायची मग खतावणीत उतरवायची, मधेच दुकान बंद करावं लागलं तरी सकाळी कीर्द बघून कुठपर्यंत उतरवलं होतं ते कळतं. एनटीएफएसमध्ये लॉगफाईल नावाची एक लपवलेली फाईल असते ती म्हणजे हीच कीर्द. लाईट गेली, परत आली, विंडोज चालू होताना आधी कीर्द वाचतं, अर्धवट राहिलेला व्यवहार एकतर पूर्ण करतं नाहीतर झालाच नाही असं धरून मागे नेतं. मधलं काही ठेवत नाही.

आणि दुसरी गोष्ट याच्याहून महत्त्वाची. फाईलचा तुकडा हलवायचं काम डीफ्रॅगचा प्रोग्रॅम स्वतः करतच नाही, तो फक्त विंडोजला सांगतो की या फाईलचा हा तुकडा तिथे ने, आणि हलवतं विंडोज. ही सोय १९९६ च्या विंडोज एनटी ४ पासून आहे आणि बाजारात मिळणारी वेगवेगळी डीफ्रॅगची सॉफ्टवेअरंसुद्धा सहसा हीच वापरतात. त्याचा क्रम असा, की आधी तुकड्याची कॉपी मोकळ्या जागेवर लिहायची, मग वहीत पत्ता बदलायचा, आणि त्यानंतरच जुनी जागा मोकळी म्हणून धरायची. म्हणजे कुठल्याही क्षणी लाईट गेली तर एकतर वही जुन्या जागेकडे बोट दाखवते आणि तिथे जुना माल जसाच्या तसा आहे, नाहीतर नव्या जागेकडे दाखवते आणि तिथे माल आधीच पोचलाय. गावात नवीन घर बांधताना माणूस जुनं पाडत नाही ना, नव्यात सामान लावून झालं की मग पाडतो, तसं. म्हणून आज विंडोज १० किंवा ११ च्या चांगल्या मशीनवर डीफ्रॅग चालू असताना लाईट गेली म्हणून सगळ्या फाईली गेल्या हे काही खरं नाही. मी मुद्दाम एका भंगार मशीनवर डीफ्रॅग लावून दहा-बारा वेळा प्लग उपटून बघितलंय, फाईली आधीच्या कॉपीशी ताडून बघितल्या, एकही बिघडली नाही. आता दहा-बारा वेळा म्हणजे काही शास्त्र नव्हे, पण आमच्या धंद्यात तेवढी खात्री पुरते.

मग तुम्ही म्हणाल लोकांच्या फाईली डीफ्रॅग करताना बिघडतात त्या काय उगाच? बिघडतात. मी पण बघितल्यात. म्हणून तर एवढं लांबवतोय, कारण तुमच्या चौकटीने बोट भलतीकडेच दाखवलंय.

इथल्या एका कृषी सेवा केंद्राचे मालक, वयाने मोठे आहेत, मी त्यांना काका म्हणतो, त्यांचं मशीन आलं दोनेक वर्षांपूर्वी. काकांचं म्हणणं होतं की काल डीफ्रॅग चालू होतं, विंडोज कोलमडल्याचा निळा पडदा आला, मशीन आपटलं, आणि आता उधारीची एक्सेल उघडत नाही, मागच्या दोन वर्षांच्याही उघडत नाहीत, तर त्या डीफ्रॅगने वाट लावली. ऐकायला बरोबर वाटतं. पण मला एक गोष्ट खटकली, क्रॅश एकदा झाला, एका क्षणी एक तुकडा हलत असणार, फार तर एका फाईलचं नुकसान व्हावं, या चौदा-पंधरा फाईली कशा काय गेल्या? तर काकांची एक चांगली सवय, दरवर्षी दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सगळा हिशोब पेनड्राइव्हवर घेतात आणि तो पेनड्राइव्ह वह्यांबरोबर पूजेला ठेवतात. तो मागवला. एक्सेलची फाईल पेनड्राइव्हवर उघडते, डिस्कवरची उघडत नाही. साईज तीच, तारीख तीच, मिनिट-सेकंद तेच. मग कमांडमधून दोन्ही फाईली बाईट-बाईट ताडून बघितल्या, तर अख्ख्या फाईलमध्ये दोन ठिकाणी फरक. दुसऱ्या फाईलमध्ये एका ठिकाणी. तिसरीत तीन. आणि प्रत्येक ठिकाणी फरक एकाच बिटचा, म्हणजे एका शून्याचा किंवा एकाचा, आणि तो बिटसुद्धा प्रत्येक वेळी तोच. लाईट गेल्यामुळे किंवा क्रॅश झाल्यामुळे असा बिघाड होत नाही, तो असा शिस्तीत येत नाही.

रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅम (मशीनची काम करायची मेमरी) तपासणारा प्रोग्रॅम, लावून घरी गेलो, सकाळी पडदा लाल ओळींनी भरलेला. चार-चार जीबीच्या दोन रॅम, त्यातली एक गेलेली. आमच्याकडे पहिला इलाज म्हणजे रॅम काढायची आणि तिच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर घासायचा, निम्मी मशीनं त्यावरच सुरू होतात आणि लोकांना वाटतं हा काय डॉक्टर आहे की शाळेतला पोरगा, पण ही रबराने ऐकणाऱ्यातली नव्हती. आता बघा काय होत होतं. डीफ्रॅग तुकडा हलवतं म्हणजे काय, डिस्कवरून वाचून रॅममध्ये घेतं आणि रॅममधून नव्या जागी लिहितं. रॅममधला एक बिट खोटं बोलतोय, त्या जागेवरून जो तुकडा जाईल त्याच्यात एक ठिपका बदलणार. एनटीएफएस वहीची काळजी घेतं, पोत्यात गहू आहे की ज्वारी ते उघडून बघत नाही, त्यामुळे बदललेली कॉपी बरोबर समजून त्याने जुनी जागा मोकळी करून टाकली. कुठे एरर नाही, मेसेज नाही. फाईलची तारीखपण बदलत नाही कारण फाईल कोणी एडिट केलेलीच नाही, त्यामुळे तारखेवरून बदललेल्या फाईली उचलणाऱ्या बॅकअपलाही पत्ता लागत नाही. विंडोज दर आठवड्याला हे इमानदारीने करत होतं आणि काकांच्या फाईली महिनोन् महिने एकेक करून बिघडत होत्या. एक्सेलची आताची फाईल म्हणजे आतून झिप असते, एक बिट बदलला तरी बेरीज जुळत नाही आणि ती उघडायला कुरकुरते, म्हणून निदान कळलं तरी. फोटो असता तर एखादा पट्टा करडा झाला असता आणि काका म्हणाले असते मोबाईल खराब आहे.

मग एक दिवस त्याच रॅममुळे निळा पडदा आला, आणि तो नेमका डीफ्रॅग चालू असताना आला, कारण तेव्हाच मशीन रॅम जोरात वापरत होतं. लोक म्हणणार कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. पण इथे फांदी आधीपासून किडलेली होती. क्रॅशमुळे फाईली बिघडल्या नाहीत, ज्या कारणाने क्रॅश झाला त्याच कारणाने फाईली बिघडल्या. संपादक साहेब, माझं सगळं पत्र या एका वाक्यासाठी आहे, चौकटीत जागा कमी असेल तर एवढंच छापा.

जुन्या डिस्कचं पण तसंच. सात-आठ वर्षं झालेली हार्डडिस्क, वरून धूळ, उन्हाळ्यात पत्र्याच्या दुकानात चाळीस डिग्री, तिला तीन-चार तास सलग पळवलं तर जी सेक्टरं, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, कधी वाचलीच जात नव्हती ती वाचायची वेळ येते आणि तिथे ती अडकते, टक टक आवाज येतो, मशीन गोठतं, माणूस वैतागून बटण दाबून बंद करतो, आणि म्हणतो डीफ्रॅगने डिस्क मारली. अहो ती आजारीच होती, तुम्ही तिला जत्रेतल्या कुस्तीला उतरवलं. माझ्याकडे अशी डिस्क आली की मी आधी डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो लावतो, फुकट मिळतं, त्यात पिवळं आलं आणि पेंडिंग सेक्टरच्या, म्हणजे नीट वाचता न आलेल्या कप्प्यांच्या ओळीत शून्य सोडून काहीही दिसलं की डीफ्रॅग तर नाहीच, चेकडिस्कचा तो सगळी डिस्क तपासणारा प्रकारपण नाही, आधी कामाच्या फाईली दुसरीकडे कॉपी, मग बाकीचं. अनेक जण नेमकं उलटं करतात, फाईल उघडत नाही की पहिलं चेकडिस्क मारतात आणि जे निघालं असतं तेही घालवतात.

लाईटचा खरा धोका कुठे आहे तेही सांगतो, नाहीतर वाचक म्हणतील हा माणूस यूपीएस नको म्हणतोय. मी वर जो क्रम सांगितला, आधी कॉपी मग वही, तो क्रम डिस्कने पाळला तर सगळं ठीक. पण डिस्कच्या पोटात स्वतःची थोडी मेमरी असते, तिथे माल ठेवून ती विंडोजला सांगते हो हो लिहिलं, आणि खरं थाळीवर नंतर लिहिते. म्हणून विंडोज महत्त्वाच्या वेळी तिला दरडावून सांगतं की पोटातलं सगळं आत्ता थाळीवर उतरव. आता डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या पॉलिसीज टॅबवर टीक मारायच्या दोन जागा असतात, पहिली राईट कॅशिंगची, म्हणजे ही पोटातली मेमरी वापरायची, ती ठीक आहे, आणि दुसरी असते हे दरडावणं बंद करायची. कॉम्प्युटर रॉकेटसारखा पळवा छाप व्हिडिओ बघून पोरं ती दुसरी टीक मारून ठेवतात, तिथेच खाली लिहिलेलं असतं की वेगळी बॅटरी-बॅकअपची सोय असल्याशिवाय हे करू नका, ते कोण वाचतंय. ती टीक मारलेल्या मशीनवर लाईट गेली तर कीर्दही अर्धवट आणि खतावणीही अर्धवट, मग डीफ्रॅग चालू असो नाहीतर तुम्ही नुसता पत्त्यांचा गेम खेळत असा. चौकटीत डीफ्रॅगच्या ऐवजी ही टीक घातली असती तर मी तुम्हाला अभिनंदनाचं पत्र लिहिलं असतं.

यूपीएसबद्दल एवढंच की त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत जाते आणि ती गेल्याचं लाईट गेल्याशिवाय कळत नाही, म्हणून महिन्यातून एकदा मशीनवर काही काम चालू नसताना भिंतीवरचं बटण बंद करून बघायचं. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन चालवणारे पुष्कळ आहेत आपल्याकडे, त्यातल्या बऱ्याच इन्व्हर्टरला मागे यूपीएस मोडचं छोटं बटण असतं आणि ते सहसा दुसऱ्याच बाजूला असतं, मग लाईट जाऊन इन्व्हर्टर चालू होईपर्यंत जो क्षणभर झटका बसतो त्यात मशीन रीस्टार्ट होतं. ते बटण फिरवलं की बऱ्याच जणांचं दुखणं तिथेच संपतं, आणि माझे दोनशे रुपये बुडतात.

आता त्या सरांच्या लॅपटॉपकडे येतो. त्यात एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क आहे. एसएसडीला थाळी नाही, हेड नाही, त्यामुळे तुकडे चार ठिकाणी असले काय नि शेजारी असले काय, तिला फारसा फरक पडत नाही, उलट सारखं इकडून तिकडे लिहून तिच्या पेशी झिजतात, लिहिण्या-पुसण्याचं तिचं आयुष्य ठरलेलं असतं. म्हणून एसएसडीवर हाताने डीफ्रॅग मारू नका हे अगदी बरोबर. पण विंडोजला हे माहिती आहे. व्हिस्टा आणि ७ मध्ये दर बुधवारी रात्री एक वाजता डीफ्रॅगचं शेड्यूल असायचं, त्या वेळी आपल्याकडे किती मशीनं चालू असायची हा वेगळा प्रश्न, पण विंडोज ८ पासून त्याचं नावच बदलून ऑप्टिमाईज केलं, कारण आता ते डिस्क बघून काम करतं. हार्डडिस्क असेल तर डीफ्रॅग, एसएसडी असेल तर मुख्यतः ट्रिम, म्हणजे कुठल्या जागा मोकळ्या झाल्यात ते एसएसडीला कळवणं, म्हणजे ती तिच्या सवडीने झाडलोट करून ठेवते आणि पुढे लिहायला लागलं की अडत नाही. फाईल डिलीट करताना पण ते कळवलं जातं, तरी आठवड्याची ही एक फेरी राहून गेलेल्यांसाठी. तर सरांनी तुमची टीप वाचून जे बंद केलं ते डीफ्रॅग नव्हतंच, झाडलोट होती. आणि शाळेच्या लॅबमध्ये सगळ्या जुन्या हार्डडिस्का आहेत, तिथे बंद केलं असतं तर वर्षभरात मशीनं गोगलगाय झाली असती आणि पोरांचा तास विंडोज उघडण्यातच संपला असता. म्हणजे एकाच टिपेचा दोन्हीकडे तोटा, फायदा कुठेच नाही.

पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड मात्र अजून फॅट३२ किंवा एक्सफॅटवरच असतात, तिथे ना कीर्द ना काही, आजही २००५ च चालू आहे. त्यांना डीफ्रॅग लावायला जाऊ नका, गरजच नाही, आणि कॉपी चालू असताना उपटू तर अजिबात नका. हे मी रोज सांगतो आणि रोज एकजण उपटून घेऊन येतो.

तर विनंती एवढीच की येत्या रविवारी त्याच जागी दुरुस्ती छापा, की शेड्यूल बंद केलं असेल तर परत चालू करा, आणि डीफ्रॅग चालू असताना मशीन आपटलं तर डीफ्रॅगला शिव्या देण्याआधी रॅम आणि डिस्क तपासून घ्या. मेमटेस्टला रात्रभर वेळ लागतो पण पैसे लागत नाहीत, आणि विंडोजमध्ये स्वतःचीपण मेमरी तपासायची सोय आहे, स्टार्टमध्ये मेमरी टाईप केलं की येते. सरांचं मी तिथेच चालू करून दिलं. काकांना नवीन रॅम बसवली, पंधरापैकी अकरा फाईली पूजेच्या पेनड्राइव्हवरून परत मिळाल्या, बाकी चार दिवाळीनंतरच्या होत्या, त्यांची उधारी काकांनी तोंडपाठ सांगितली आणि त्यांच्या मुलाने बसून परत टाईप केली. काही गिऱ्हाइकांनी आकडा जास्त सांगितला म्हणून कुरकुर केली, पण ते प्रकरण माझ्या दुकानातलं नाही.

आणि हो, ती नवरदेवाची बीएमपी अजून माझ्याकडे आहे, वीस वर्षांत पाच डिस्का बदलल्या पण ती प्रत्येक डिस्कवर कॉपी करत आलोय. त्या वेळी नवरदेवाच्या वडिलांना फोन करून फोटो परत मागवला, खरं कारण सांगायची हिंमत झाली नाही, स्कॅनर बिघडला होता म्हणालो. लग्न झालं, आता त्याचा मुलगा माझ्याकडे लॅपटॉप फॉरमॅट करायला येतो. तुम्हाला बघायची असेल तर पाठवतो, फक्त छापू नका, आजोबांच्या घरचे लोकही तुमचाच पेपर घेतात.

आपला,
एक जुना वाचक
करमाळा, जि. सोलापूर